हरित इमारतीत उकडते कोणाला?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल, असा नियम आणण्याचे सूतोवाच केले आणि ठाणे-नवी मुंबईतल्या यच्चयावत व्हॉट्सअॅप ग्रुपांना हक्काचा विषय मिळाला. एका बाजूला 'आता सरकार आमच्या रिमोटवरही बसणार का?' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'चोवीसवर ठेवा, देशाची वीज वाचवा' असे सुविचार पाठवणारे. तो वाद अजून निवलेला नाही. उलट तो ऑफिसांत शिरला आहे. ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट इथल्या काचेच्या इमारतींत उन्हाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये तोच तंटा पुन्हा उभा राहतो. ग्रीन बिल्डिंग म्हणजे माणसांना उकाड्यात बसवून मालकाचे बिल वाचवण्याचे थोतांड, असे एकाचे म्हणणे; इमारतीला हरित मानांकनातले सर्वांत वरचे प्लॅटिनम मिळालेले असताना तक्रार कसली करता, असे दुसऱ्याचे. माझ्या मते दोघेही आकड्यावर भांडत आहेत आणि आकडा हा या प्रकरणातला सर्वांत गौण मुद्दा आहे. उष्ण-दमट हवेतली इमारत हरित म्हणायची की नाही, हे तिच्यात राबणाऱ्या सगळ्यांना विचारून ठरले पाहिजे. खुर्चीवर बसणाऱ्यांना आणि ज्यांना खुर्चीच नाही त्यांनाही. शिवाय ज्याला उकडते किंवा हुडहुडी भरते, त्याच्या हाताशी काहीतरी उपाय असला पाहिजे. या दोन गोष्टी नसतील तर चोवीस काय आणि सव्वीस काय?

मुळात कामाच्या जागेची हवा माणसासाठी ठरवली गेली, असे फार क्वचित घडले आहे. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र तयार केले, ते कामगारांना घाम येत होता म्हणून नाही. दमट हवेत कागद फुगायचा, रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा नेमका बसायचा नाही, म्हणून हवेतला ओलावा काढायचा होता. आपल्या गिरणगावात बरोबर उलटे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, हवा मुद्दाम दमट राखली जाई. बाहेर मे असो की ऑक्टोबर, आत त्या वाफाळलेल्या हवेत माणसे दिवसभर उभी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. त्या सुट्टीकडे आपण विश्रांती म्हणून पाहतो. जरा हवेच्या अंगानेही पाहावे. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम दमटपणावर वेगळे कलम घालावे लागले, ते पंधरावे. त्याच्या दोनच घरे आधी, तेराव्या कलमात, खेळती हवा आणि कामगारांना वाजवी आराम मिळेल असे तापमान राखण्याची जबाबदारी आली. म्हणजे आराम हा शब्द आपल्या कायद्यात पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ बसून आहे. फक्त त्याची वर्दळ कमी. कागदासाठी कोरडी हवा, सुतासाठी ओली, आणि आता सर्टिफिकेटसाठी चोवीस अंश! माल बदलला, इतकेच.

आराम मोजण्याचे शास्त्र नाही, असेही नाही. डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी १९७० मध्ये त्याचे समीकरण मांडले. त्यासाठी नियंत्रित हवेच्या खोलीत कॉलेजच्या तरुण मुलामुलींना बसवून त्यांना कसे वाटते ते विचारले होते. त्या समीकरणात सहा गोष्टी येतात: हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-काचांची ऊब, हवेचा वेग, ओलावा, अंगावरचे कपडे आणि शरीर करत असलेले काम. हिशेब प्रामाणिक आहे. सगळे जुळून आले तरी शंभरातले पाच नाराजच राहणार, हेही तो सांगतो. मग मानकांनी वीस टक्के नाराजी चालवून घ्यायचे ठरवले. हजार माणसांच्या इमारतीत दोनशे जण कुरकुरत असले तरी कागदोपत्री सगळे आलबेल. पण आपल्याकडे त्याहून मोठी गंमत झाली. सहापैकी पाच गोष्टी वाटेतच गळाल्या आणि खांबावरच्या थर्मोस्टॅटच्या डबीत तापमानाचा एक आकडा उरला. जे शरीर गृहीत धरले तेही सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीच्या पुरुषाचे. बायकांच्या शरीरातून निघणारी उष्णता या हिशेबात प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली जाते, असे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. ऑफिसात 'लेडीजना जरा जास्तच थंडी वाजते' म्हणून जो हशा पिकतो, त्यात हसण्यासारखे काय आहे? गृहीतकच चुकले आहे.

एखाद्या मजल्यावर दुपारी चारला जाऊन पाहावे. ऐरोलीत खाडीच्या बाजूची इमारत, काच पश्चिमेला. काचेला कितीही भारी लेप दिलेला असला तरी मार्चपासून तीननंतर ती तापते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या मुलीचा एक खांदा दिवस मावळेपर्यंत शेकत राहतो. तिने जुन्या कॅलेंडरची पाने सेलोटेपने काचेवर लावली आहेत. पंधरा फुटांवर, गार हवा आणणाऱ्या डक्टच्या तोंडाखाली बसणाऱ्याने खोक्याचा पुठ्ठा कापून ग्रिलवर अडकवला आहे, खुर्चीच्या पाठीला जाकीट कायमचे. मधल्या खांबावर आकडा: २४. तो खोटा नाही. हवा चोवीसचीच आहे. एकीला काच भाजते आणि दुसऱ्याला वारा झोंबतो, या दोन्ही गोष्टी त्या डबीला कळत नाहीत. तक्रार केली की तिचे तिकीट निघते आणि 'सेटपॉइंट नॉर्मल', म्हणजे ठरवलेले तापमान ठीक, असा शेरा मारून संध्याकाळपर्यंत बंद होते. कोणी बडा माणूस पाहणीला येणार असला की आदल्या दिवशी पुठ्ठा आणि कॅलेंडर दोन्ही उतरतात, तो गेला की पुन्हा चढतात. रात्रपाळीचे हाल निराळेच. पहाटे चार-पाचच्या सुमारास माणसाच्या शरीराचे तापमान आपोआप उतरलेले असते, मजला अर्धा रिकामा, यंत्रे तेवढीच गार हवा सोडत असतात. मे महिन्यात, बाहेर सत्तावीस अंशांची घामट पहाट असताना, आत पोरे कानटोप्या घालून फोन घेतात. ही वीज कोणाच्या आरामासाठी जळते आहे?

आता समोरच्या बाजूचे म्हणणे, आणि ते हलके नाही. पहिली गोष्ट, इथली हवा. मुंबईच्या परिसरात मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही; नागपूरकर त्यावर हसतात. पण घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवणार कसे? रात्रीही सुटका नाही. अशा ठिकाणी 'खिडक्या उघडा, निसर्गाकडे चला' हा उपदेश ऐकला की माझेही डोके तापते. हा उपदेश करणारे बहुधा स्वतःच्या गार केबिनमधून तो करतात. ठाणे-बेलापूर रस्त्याला खिडकी उघडून कोण बसेल? ट्रकचा आवाज, धूळ, संध्याकाळी डास, आणि औद्योगिक पट्ट्यातून अवेळी येणारा रसायनांचा उग्र दर्प. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये अंगणाभोवती घरे बांधून हवा कशी खेळवावी ते दाखवले. नवी मुंबई ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या तिघांपैकी ते एक, तेव्हा या शहराला तो धडा घरचाच होता. पण दोन मजल्यांच्या घराचे गणित शंभर संगणकांच्या मजल्याला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्य करायला हवे. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. दिघा किंवा दिवा इथल्या पत्र्याच्या खोलीतून येणाऱ्या मुलाला दिवसातले नऊ तास अंग गार राहते ते ऑफिसातच. त्याला पर्यावरणाचे पाठ देत दोन अंश वाढवायला सांगणारा मी कोण? गारवा ही चैन आहे असे ज्यांच्या घरी तीन एसी आहेत त्यांनी बोलू नये. सिंगापूरचे ली क्वान यू सांगत, की सत्तेवर आल्याबरोबर त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. विषुववृत्तावर बसून काम उरकायचे तर दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे म्हणणे. ते उद्दाम वाटले तरी चूक नव्हते.

हे सगळे मान्य करून पुढे जाऊ. एसी हवाच, प्रश्न तो एकटाच का हवा, हा आहे. त्याच सिंगापूरमध्ये, राष्ट्रीय विद्यापीठात २०१९ साली उघडलेल्या वास्तुकला विभागाच्या इमारतीत एसीची हवा नेहमीपेक्षा बरीच उबदार सोडतात आणि उरलेले काम छताच्या पंख्यांवर सोपवतात. पंख्याने खोलीतले तापमान उतरत नाही, पण अंगावरून झुळूक गेली की घाम वाळतो आणि माणसाला दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. आपल्या आजीला हे ठाऊक होते. आपल्या इंटिरिअरवाल्याला नाही, कारण पंखा दिसला की त्याला सरकारी कचेरी आठवते. एका जुन्या पंख्याला सुमारे ७५ वॅट लागत, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या बीएलडीसी पंख्याला तिसाच्या आसपास. आणि एसीचा एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) स्वतःच सांगतो. मग सव्वीस अंश आणि डोक्यावर पंखा हा चोवीस अंश आणि डोक्यावर नुसते फॉल्स सीलिंग यापेक्षा गार आणि स्वस्त पडेल, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? तरी शास्त्रज्ञांनी तेही केले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी देशातल्या पाच शहरांतल्या ऑफिसांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारून भारतासाठी वेगळे प्रतिमान बांधले आणि ते २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आले. बाहेरची गेल्या काही दिवसांची सरासरी तीस अंश असेल तर खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत माणसाला २९ अंशांनाही बरे वाटते आणि एसी व खिडकी दोन्ही वापरणाऱ्या इमारतीत सव्वीसला, असा त्याचा हिशेब. त्या पाच शहरांत चेन्नई होती, मुंबई नव्हती, ही कसर आहेच. पण डेन्मार्कपेक्षा चेन्नई ऐरोलीला जवळची, एवढे तरी कोणी नाकारणार नाही.

दुसरा आक्षेप वीजवाल्यांचा: प्रत्येकाच्या हाती नियंत्रण दिले तर एक सोळावर नेईल, दुसरा अठ्ठावीसवर, आणि तळघरातला चिलर, म्हणजे साऱ्या इमारतीला गारवा पुरवणारे यंत्र, वेडा होईल; त्यापेक्षा मध्यवर्ती यंत्रणेने एकच आकडा ठरवावा, त्यातच बचत आहे. कागदावर हे पटते. पण माणसांना न विचारता त्यांच्या हवेतून बचत काढली की काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत इमारती हवाबंद करण्याची लाट आली. बाहेरची हवा गरम-गार करायला वीज लागते, म्हणून तीच कमी घ्यायची. ताज्या हवेचे किमान प्रमाण माणशी मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत उतरवले गेले. वीज वाचली. माणसांची डोकी दुखू लागली, डोळे चुरचुरू लागले, घसे बसू लागले. आजारी इमारत हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेला त्याची दखल घ्यावी लागली. १९८९ मध्ये ते प्रमाण १५ घनफुटांवर न्यावे लागले. ज्याला तेव्हा काटकसर म्हटले, ती कामगारांच्या फुप्फुसांतून केलेली उसनवारी होती.

जपानचा दाखला आपल्याकडे फार कौतुकाने दिला जातो. २००५ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ऑफिसे २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम काढली आणि पंतप्रधान कोइझुमी टायशिवाय वावरू लागले. यातली चांगली गोष्ट टाय काढणे ही होती, अठ्ठावीस हा आकडा नव्हे. त्या वेळी पर्यावरण मंत्रालयात असलेल्या आणि पुढे उपमंत्री झालेल्या एका गृहस्थांनी २०१७ मध्ये सांगून टाकले, की तो आकडा काही शास्त्रीय पायावर ठरवला नव्हता. म्हणजे अठ्ठावीसही वाऱ्यावर आणि चोवीसही. आपण मात्र जपानकडून नेमका आकड्याचा हट्ट उचलला आणि टाय गळ्यातच ठेवला. ऐरोलीच्या कंपन्यांत एप्रिलमध्येही फुल शर्ट, बूट, गळ्यात पट्टा. कपडे सैल करायला एक रुपया लागत नाही, एक परिपत्रक लागते.

आणि नियंत्रण दिले की माणसे सोळावर धाव घेतात, ही भीती तरी कितपत खरी? रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी नव्वदच्या दशकात जगभरातल्या सुमारे १६० इमारतींतल्या नोंदी तपासल्या. खिडकी-पंखा ज्यांच्या हाताशी होता ती माणसे कितीतरी रुंद पट्ट्यातले तापमान तक्रार न करता स्वीकारत होती. गार-गरम झाले तर आपण काही करू शकतो, हे कळले की माणूस सोसतो. काहीच करता येत नाही म्हटल्यावर अर्धा अंशही बोचतो आणि मग पुठ्ठा येतो, टेबलाखालचा चोरटा हीटर येतो, म्हणजे एकाच मजल्यावर गार करायलाही वीज आणि गरम करायलाही. चिलरचा आकडा सगळ्यांच्या हाती द्या, असे कोणी म्हणत नाही. टेबलापाशी छोटा पंखा, डक्टच्या पाकळ्या वळवायची मुभा, पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली, आणि खुर्ची हलवायची परवानगी. शेवटची सर्वांत अवघड दिसते.

इथपर्यंतचा वाद निदान खुर्चीवरच्या माणसांचा तरी आहे. मला खरी चीड येते ती पुढच्या भागाची. मानके ज्याला रहिवासी म्हणून मोजतात तो टाइप करत बसलेला माणूस. त्याच मजल्यावर पोछा मारणारी बाई त्याच्या दुप्पट उष्णता अंगातून बाहेर टाकत असते, तेही पॉलिएस्टरच्या युनिफॉर्ममध्ये. चोवीस अंशांना तो आखडतो आणि ती घामाघूम होते, आणि दोघांपैकी कोणाचाच आकडा बरोबर नाही. ती पाळी संपवून जिथे डबा खाते ती जागा जिन्याखाली किंवा सर्व्हिस लिफ्टच्या मागे, जिथे डक्टच नेलेला नाही. बेसमेंटमध्ये गाड्या लावून घेणारा माणूस आणखी खाली. हरित इमारतींत बेसमेंटचे पंखे कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढले की आपोआप सुरू होतात, एरवी बंद. वीज वाचवण्याची उत्तम युक्ती, गुण मिळवून देणारी. त्या सेन्सरला धूर कळतो, उकाडा कळत नाही. गेटवरच्या फायबरच्या केबिनमध्ये वॉचमन, वर पत्रा, आत एक टेबलफॅन, आणि बॅग तपासायला दर मिनिटाला बाहेर उन्हात. गच्चीवर कूलिंग टॉवरच्या वाफेत मेकॅनिक. दोरावर लटकून काच पुसणारे, जी काच आतल्यांना सुसह्य वाटावी म्हणून ऊन बाहेर परतवते, म्हणजे त्यांच्याच अंगावर. इंग्रजांच्या काळात कचेरीत साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा हलवायला एक माणूस लागे. तो बसे बाहेर व्हरांड्यात, दोरी भिंतीच्या भोकातून आत गेलेली. आतली झुळूक त्याच्या हातांची, पण त्याच्या वाट्याला ती कधीच नाही. डुलकी लागली तर साहेबाची लाथ. पंखेवाला गेला असे आपण समजतो. तो बेसमेंटमध्ये आहे.

यावर इमारतवाल्यांचे उत्तर तयार असते: ही कंत्राटी माणसे, एजन्सीची जबाबदारी, आणि अर्ध-उघड्या जागा गार कशा करणार? दुसरा अर्धा भाग खरा आहे. गेटवर एसी लावणे मूर्खपणाचे होईल. पण केबिनला दुहेरी छप्पर, समोरासमोर दोन खिडक्या, एक झाड, बसायला सावली, बेसमेंटात धुराबरोबर तापमानावरही चालणारा पंखा आणि सफाईच्या बायकांना जेवायला गार खोली, यात अशक्य काय आहे? या गोष्टी नकाशातच नसतात, कारण नकाशा काढताना ही माणसे कोणी मोजलेली नसतात. राहिला प्रश्न कंत्राटाचा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हवा, तापमान आणि आर्द्रता यांची जबाबदारी लावली आहे. १९४८ चे तेरावे कलम कारखान्याच्या दारात थांबत होते. ते आता ऑफिसातही यायला हरकत नाही. येईल का, हे नियम कसे लिहिले जातात आणि तपासणीला कोण येतो यावर आहे. माझी फार आशा नाही, पण दार किलकिले झाले आहे.

'खासगी इमारत, खासगी करार, तुम्ही कोण विचारणारे?' असे कोणी म्हणेल, तर तेही तपासू. ठाण्यासारख्या महापालिकांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मूळ एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामाच्या, ३, ५ किंवा ७ टक्के जादा बांधकाम मिळते. जितके वरचे मानांकन तितके जास्त. ते जादा मजले शहराच्या रस्त्यांवर, पाण्यावर, गटारांवर भार टाकतात. म्हणजे तो सन्मान नाही, मोबदला आहे, आणि तो आपण सगळे देतो. पैसे मोजणाऱ्याने माल पाहायला मागितला तर त्यात राग येण्यासारखे काय आहे? आज आपण पाहतो ती नकाशे, मॉडेल आणि यंत्रांची यादी. प्रत्यक्षात माणसे येऊन बसल्यावर त्यांना विचारण्याची पद्धतही आहे. अमेरिकन लीड मानांकनाच्या २००९ च्या आवृत्तीत, माणसे राहायला आल्यावर सहा ते अठरा महिन्यांच्या आत त्यांचे सर्वेक्षण करायचे आणि वीस टक्क्यांहून जास्त नाराज निघाले तर सुधारणा करायची, यासाठी वेगळा गुण ठेवला होता. पण ऐच्छिक! ज्याला नको असेल त्याने दुसरीकडून गुण उचलावा.

सर्वेक्षणावरही आक्षेप आहे आणि तो मला निम्मा पटतो. पगारवाढ झाली नाही की माणसाला एसीही टोचतो. बॉसवरचा राग तापमानाच्या रकान्यात उतरतो. मान्य. पण मग त्यावर उपाय म्हणजे विचारणेच बंद करणे? वारंवार विचारले आणि त्याच खुर्चीवर वेगवेगळी माणसे तेच सांगू लागली, तर तो राग नसतो, ती पश्चिमेची काच असते. खरी उणीव निराळी आहे. हे सर्वेक्षण ई-मेलवर येते. पोछा मारणाऱ्या बाईला, वॉचमनला, पार्किंगवाल्याला कंपनीचा मेल आयडी नसतो. ज्यांना सर्वांत जास्त उकडते त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचतच नाही, आणि निकाल लागतो की ८५ टक्के समाधानी. तो कागद एजन्सीच्या हजेरी रजिस्टरशेजारी, मराठीत आणि हिंदीत, मे आणि ऑक्टोबरमध्ये एकेकदा ठेवला तर किती खर्च येईल?

म्हणून मागणी साधी आहे. जादा एफएसआयपैकी निदान शेवटचा हिस्सा या निकालाला बांधा, आणि निकाल लॉबीत, मानांकनाच्या त्या चकचकीत पट्टीच्या शेजारीच लावा. बिल्डर म्हणेल, आम्ही जागा विकून किंवा भाड्याने देऊन मोकळे झालो, आत भाडेकरू चोवीस ठेवतो की अठरा यावर आमचा काय ताबा? भाडेकरूच्या आकड्यावर नसेलही. पण पश्चिमेला काच बिल्डरनेच लावली, खिडक्या त्यानेच बंद केल्या, फॉल्स सीलिंगमध्ये पंख्याचा हूक त्यानेच ठेवला नाही, वॉचमनची केबिन उन्हात त्यानेच मांडली, आणि शनिवारी काम काढले तर एसीचे तासाचे वेगळे पैसे लावण्याचा करारही बहुतेक त्याच्याच बाजूने लिहिलेला असतो. भाडेकरू तीन-पाच वर्षांनी बदलतो. जादा मजले मात्र इमारत पडेपर्यंत उभे राहतात आणि त्यांचे भाडेही तोवर येत राहते, तेव्हा जबाबदारीची मुदत ताबा दिल्याच्या दिवशी कशी काय संपते, हे एखाद्या बिल्डरने किंवा नगररचना विभागाने समजावून सांगितले तर ऐकायची तयारी आहे.